व्ही$सेशन, स्टॅट्सपॅक आणि विकतचा डायग्नोस्टिक्स पॅक : पीथमपूरच्या गेटवर नेमकं काय कामाला येतं

ओरॅकल डेटाबेसमध्ये सेशन, म्हणजे एका वापरकर्त्याची किंवा प्रोग्रामची जोडणी, का थांबलंय हे पाहायला तीन साधनं आहेत. व्ही$सेशन, म्हणजे चालू सेशन्सची यादी, डेटाबेसबरोबर येतंच. स्टॅट्सपॅक फुकट आहे, पण स्वतः बसवावं लागतं. डायग्नोस्टिक्स पॅक विकत घ्यावा लागतो. लिनक्स सर्व्हरवर ओरॅकलची १९सी आवृत्ती, त्यावर ईआरपी, डिस्पॅच आणि जीएसटी बिलिंग, अशा कामाला ही तिन्ही कशी उतरतात ते इथे मांडलं आहे. डोळ्यांसमोर इंदूर भागातलं गिऱ्हाईक आहे : इंदूरजवळच्या पीथमपूरचा मध्यम कारखाना किंवा इंदूरच्या सियागंजचा मोठा घाऊक व्यापारी. दोनशे-तीनशे लोक कामावर, आयटीत दोन माणसं, आणि डीबीए म्हणून (डेटाबेस सांभाळायला) वेगळा कोणी नाही.

मत आधीच सांगून टाकतो. आत्ता या क्षणी काय अडलंय ते ओरॅकल फुकटात आणि फार बारकाईने सांगतं. काल दुपारी काय अडलं होतं ते सांगायचे मात्र पैसे घेतं, आणि तुम्ही स्टँडर्ड एडिशन २ वर असाल तर पैसे देऊनही सांगत नाही. म्हणजे प्रश्न उरतो तो कालच्या नोंदीची सोय कशी करायची, एवढाच.

ओरॅकलच्या जाहीर दरपत्रकात बरीच वर्षं डायग्नोस्टिक्स पॅकचा भाव प्रति प्रोसेसर ७,५०० डॉलर आहे, वर दरवर्षी २२ टक्के सपोर्ट. पण तो फक्त एंटरप्राइझ एडिशनवर मिळतो, आणि त्याचेच प्रति प्रोसेसर ४७,५०० डॉलर आधी मोजलेले असावे लागतात. स्टँडर्ड एडिशन २ प्रति सॉकेट १७,५०० डॉलर. जास्तीत जास्त दोन सॉकेट आणि एका डेटाबेसला १६ थ्रेड. इथे एक खड्डा आहे. एंटरप्राइझवर कंट्रोल_मॅनेजमेंट_पॅक_ॲक्सेस हा पॅरामीटर मुळातच 'डायग्नोस्टिक+ट्यूनिंग' असा लावलेला येतो. पॅक घेतलेला नसला तरी व्ही$ॲक्टिव्ह_सेशन_हिस्टरी उघडतं, रिपोर्ट निघतो, कोणी अडवत नाही. वापराची नोंद मात्र डीबीए_फीचर_यूसेज_स्टॅटिस्टिक्समध्ये पडत राहते आणि लायसन्स ऑडिटला ती समोर येते. पॅक नसेल तर हा पॅरामीटर पहिल्याच दिवशी 'नन' करा. इंटरनेटवरून उचललेली स्क्रिप्ट चालवण्याआधीही तिच्यात डीबीए_हिस्ट_ ने सुरू होणारं नाव आहे का ते पाहून घ्या.

आता पहिलं साधन, व्ही$सेशन. वेट इव्हेंट, म्हणजे सेशन कशासाठी थांबलंय त्या कारणाचं नाव, ओरॅकल ७ पासून आहेत, म्हणजे १९९२ पासून. तेव्हा ते शंभराच्या आसपास होते. १९सी मध्ये व्ही$इव्हेंट_नेम मोजलंत तर दीड हजारांच्या वर भरतील. घाबरायचं कारण नाही, रोज तोंड दाखवणारे वीस-पंचवीसच. १०जी पासून त्यांचे वर्ग पाडले गेले (यूजर आयओ, कमिट, ॲप्लिकेशन, कॉन्करन्सी, नेटवर्क, आयडल वगैरे) आणि वेटची सगळी माहिती थेट व्ही$सेशनमध्येच आली. जुन्या स्क्रिप्टा व्ही$सेशन_वेट जोडत बसतात. आता त्याची गरज नाही.

क्वेरीत एवढे कॉलम घ्या : एसआयडी, सिरियल#, मशीन, मॉड्यूल, स्टेटस, स्टेट, इव्हेंट, वेट_टाइम_मायक्रो, पी१, पी२, ब्लॉकिंग_सेशन, फायनल_ब्लॉकिंग_सेशन, एसक्यूएल_आयडी, प्रीव्ह_एसक्यूएल_आयडी आणि लास्ट_कॉल_ईटी. टाइप 'यूजर' असलेलीच सेशन्स ठेवा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती स्टेट या कॉलममुळे, कारण बहुतेक जण तो घेतच नाहीत. स्टेट 'वेटिंग' असेल तरच इव्हेंटमध्ये लिहिलेली गोष्ट आत्ता घडते आहे. 'वेटेड शॉर्ट टाइम', 'वेटेड नोन टाइम' किंवा 'वेटेड अननोन टाइम' असं काही असेल तर ते सेशन थांबलेलं नाही, सीपीयूवर आहे किंवा सीपीयूच्या रांगेत आहे. इव्हेंटमध्ये उरलाय तो मागच्या, संपून गेलेल्या वेटचा मजकूर. ठरलेलं उदाहरण म्हणजे 'एसक्यूएल*नेट मेसेज टू क्लायंट'. सेशन ॲक्टिव्ह दिसतं, पाऊण तासापासून हाच इव्हेंट दिसतो, आणि नेटवर्कवाल्याला बोलावलं जातं. बिचारा स्विच बदलतो, केबल बदलतो. प्रत्यक्षात क्वेरी बफर कॅशमधले (मेमरीतले) तेच ब्लॉक पुन्हा पुन्हा वाचत सीपीयू खात असते. निरोप क्लायंटकडे निघाला तेव्हा शेवटचा वेट झाला, त्यानंतर एकही वेट झालाच नाही, म्हणून तो तिथे चिकटून आहे. उपाय सोपा : क्वेरीतच केस घालून स्टेट 'वेटिंग' नसेल तिथे इव्हेंटच्या जागी 'सीपीयू' छापा. आणि अशी सेशन्स कोअरच्या संख्येपेक्षा जास्त दिसली तर व्हीएमस्टॅटचा आर कॉलम पाहा. रांग तिथे दिसेल.

आता तो प्रसंग, ज्याच्यासाठी हे साधन पूर्ण गुण घेऊन जातं. फोन येतो, "साहेब, बिल अटकलंय, गाडी गेटवर उभी आहे." क्वेरीत आठ-दहा सेशन्स 'एनक्यू: टीएक्स - रो लॉक कंटेन्शन'वर (दुसऱ्याने धरलेल्या ओळीची वाट पाहत) दिसतात आणि सगळ्यांच्या फायनल_ब्लॉकिंग_सेशनमध्ये एकच आकडा. ब्लॉकिंग_सेशन लगेच पुढच्याचं नाव सांगतं, फायनल_ब्लॉकिंग_सेशन साखळीच्या टोकाचं. टोकाचा पकडा, मधल्याला मारून उपयोग नाही, त्याच्या जागी पुढचा येऊन उभा राहतो.

पी१ मध्ये १४१५०५३३१८ दिसेल. सोळाच्या पायात तो ५४५८०००६ होतो : ५४ म्हणजे टी, ५८ म्हणजे एक्स, आणि शेवटचा ६ हा मागितलेल्या लॉकचा मोड. मोड ६ म्हणजे दोघांना एकच ओळ बदलायची आहे. पी१ च्या शेवटी ८ ऐवजी ६ असेल, म्हणजे १४१५०५३३१६, तर मोड ४. आणि ती वेगळीच भानगड, तिच्याकडे नंतर येतो.

मोड ६ असेल तर कोणती ओळ हेही निघतं. थांबलेल्या सेशनच्या रो_वेट_ओबीजे#, रो_वेट_फाइल#, रो_वेट_ब्लॉक# आणि रो_वेट_रो# या चार कॉलमांवरून डीबीएमएस_रोआयडी.रोआयडी_क्रिएट ओळीचा पत्ता बनवून देतं. एक बारीक गोष्ट इथे नडते : रो_वेट_ओबीजे# मध्ये ऑब्जेक्ट_आयडी असतो आणि त्या फंक्शनला डेटा_ऑब्जेक्ट_आयडी लागतो. टेबल कधी मूव्ह किंवा ट्रंकेट झालं असेल तर दोन्ही आकडे वेगळे पडतात आणि ओळ सापडत नाही. तेव्हा डीबीए_ऑब्जेक्ट्समधून दुसरा आकडा काढूनच पुढे जा.

ओळ उघडून पाहिली की बिलिंगच्या सिस्टममध्ये ती बहुतेक वेळा सिरीज मास्टरची निघते : बिलाच्या प्रकाराला एक ओळ, तिच्यात शेवटचा नंबर. सिक्वेन्स (डेटाबेसची आपोआप पुढचा नंबर देणारी सोय) का वापरला नाही याला कारण आहे. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचे नंबर आर्थिक वर्षात सलग हवेत आणि १६ अक्षरांच्या आत हवेत. सिक्वेन्समध्ये रोलबॅक झाला (बदल रद्द झाले) की नंबर गळतो. म्हणून प्रोग्रामरने सिलेक्ट फॉर अपडेट करून ओळ धरली, एक वाढवला, आणि मग सावकाश बाकीचं बिल रचायला घेतलं. कमिट होईपर्यंत, म्हणजे बदल पक्का होईपर्यंत, सगळं गेट त्या एका ओळीमागे.

मग टोकाचं सेशन काय करतंय? त्याचं स्टेटस इनॲक्टिव्ह आणि इव्हेंट 'एसक्यूएल*नेट मेसेज फ्रॉम क्लायंट', म्हणजे वर्ग आयडल. नेहमीच्या स्क्रिप्टा आयडल गाळून टाकतात, त्यात नेमका आरोपी गळतो. त्याचा टीएॲडर कॉलम रिकामा नसेल तर त्याचं ट्रान्झॅक्शन उघडं आहे. ते कधी सुरू झालं ते व्ही$ट्रान्झॅक्शनमध्ये स्टार्ट_टाइम सांगेल. मशीन आणि मॉड्यूलवरून माणूस सापडतो. फॉर्म उघडा ठेवून तो चहाला गेलेला असू शकतो.

पण सध्या याहून जास्त वेळा दिसणारं कारण दुसरं आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस लागू झालं. पुष्कळ ईआरपींमध्ये बिलाचं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवूनच पोर्टलकडे विनंती जाते आणि आयआरएन (पोर्टलने दिलेला बिलाचा नोंदणी क्रमांक) आल्यावर कमिट होतो. पोर्टल सुस्त झालं की सिरीज मास्टरची ओळ तेवढा वेळ अडकून राहते. विनंती ॲप सर्व्हरवरून जात असेल तर टोकाचं सेशन आयडलच दिसतं. डेटाबेसमधूनच, यूटीएल_एचटीटीपी वापरून जात असेल तर 'टीसीपी सॉकेट (केजीएएस)' हा इव्हेंट दिसतो. यूटीएल_एचटीटीपीचा टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा असतो. एका मिनिटाला एक गाडी, अशी रांग त्यातून बनते.

दुरुस्ती अशी. बिलाच्या ओळी, कर, स्टॉक सगळं आधी लिहा. नंबर अगदी शेवटी घ्या आणि लगेच कमिट करा, आयआरएनची स्थिती 'बाकी' ठेवून. पोर्टलला विनंती कमिटनंतर पाठवा आणि उत्तर आलं की ती ओळ अद्ययावत करा. लॉक मिलिसेकंदांवर येतो, नंबरही सलग राहतात.

तातडीला ऑल्टर सिस्टम किल सेशन, एसआयडी आणि सिरियल# देऊन, शेवटी इमिजिएट. लगेच सुटलं नाही तर रोलबॅक चालू आहे; व्ही$ट्रान्झॅक्शनचा यूज्ड_यूबीएलके उतरत असेल तर थांबा, डेटाबेस बंद करायला धावू नका, कारण सुरू झाल्यावर उरलेला रोलबॅक त्याला करायचाच असतो. विसरून गेलेल्या फॉर्मवर कायमचा इलाज म्हणून यूजर प्रोफाइलमध्ये आयडल_टाइम मिनिटांत लावता येतो, स्टँडर्ड एडिशनवरही. तो लॉक नसलेल्यांनाही बाहेर काढतो, त्यामुळे हिशोब खात्याच्या शिव्या खायची तयारी ठेवा.

एक मर्यादा मात्र ओळखून असा. ब्लॉकरने लॉक कोणत्या स्टेटमेंटने घेतला हे व्ही$सेशन खात्रीने सांगू शकत नाही. प्रीव्ह_एसक्यूएल_आयडीमध्ये शेवटचं स्टेटमेंट असतं. लॉक त्याआधीच्या पाचव्या स्टेटमेंटने घेतलेला असू शकतो. निव्वळ एक सिलेक्ट दिसतो आणि लोक म्हणतात, सिलेक्टने लॉक कसा लागेल. साध्या सिलेक्टने लावलेला नसतोच.

आता मोड ४. सिरीज मास्टरच्या ऐवजी कोणी बिल टेबलातून मॅक्स अधिक एक काढत असेल, तर दोन सेशन्स एकच नंबर घेऊन इन्सर्ट करतात. युनिक इंडेक्स दुसऱ्याला थांबवतो, कारण पहिला कमिट करणार की रोलबॅक हे अजून ठरलेलं नाही. पहिल्याने कमिट केला की दुसऱ्याला ओआरए-००००१. ऑपरेटर पुन्हा सेव्ह दाबतो, दुसऱ्या वेळेला बिल होतं, आणि 'कधी कधी एरर येतो' अशी तक्रार वर्षभर चालत राहते. इथे ओळीच्या पत्त्यावर विसंबू नका. दुसऱ्याची ओळ अजून बनलेलीच नाही. मोड ४ बिटमॅप इंडेक्समुळेही येतो, पण तो इंडेक्स एंटरप्राइझवरच असतो.

शेजारचाच एक इव्हेंट आहे, 'एनक्यू: टीएम - कंटेन्शन'. हा आला की जवळजवळ डोळे मिटून फॉरेन कीवर इंडेक्स नाही असं समजा. पेरेंटची ओळ डिलीट केली की अख्ख्या चाइल्ड टेबलवर मोड ४ किंवा ५ चा लॉक मागितला जातो. पी२ मध्ये टेबलाचा ऑब्जेक्ट_आयडी असतो. इंडेक्स घाला, विषय संपला.

बाकीच्या इव्हेंटांवर थोडक्यात. 'डीबी फाइल सिक्वेन्शियल रीड' म्हणजे एकेक ब्लॉक वाचणं, बहुधा इंडेक्समधून. तो दिसणं हा आजार नाही. सरासरी फिरत्या डिस्कवर ५ ते १० मिलिसेकंद, एसएसडीवर १ च्या आत असेल तर डिस्क ठीक आहे आणि वाचनं कमी कशी होतील ते पाहायचं, म्हणजे प्लॅन आणि इंडेक्स. डिस्कवर पैसे टाकायचे की क्वेरीवर वेळ, हा निर्णय या एका सरासरीवर होतो. सरासरीही फसवते म्हणून व्ही$इव्हेंट_हिस्टोग्राम बघा. हजारात दहा वाचनं अर्धा सेकंद घेत असतील तर ती तिथेच दिसतात. 'एसक्यूएल*नेट मेसेज फ्रॉम क्लायंट' मोठ्या रिपोर्टच्या वेळी हजारो वेळा, पण छोटा छोटा दिसला तर फेच साइझ तपासा. जेडीबीसी मुळात एका फेरीत १० ओळी आणतो. पन्नास हजार ओळींच्या स्टॉक रजिस्टरला पाच हजार फेऱ्या होतात. ५०० करा.

'लॉग फाइल सिंक' म्हणजे कमिटची वाट. हा एकटा वाचू नका; शेजारी 'लॉग फाइल पॅरलल राइट'ची सरासरी ठेवा. दोन्ही चढे असतील तर रीडो लॉगची (बदलांच्या नोंदवहीची) डिस्क मंद आहे. राइट १ मिलिसेकंद आणि सिंक १५ असेल तर डिस्कला बोल लावू नका. एलजीडब्ल्यूआरला (रीडो लॉग लिहिणाऱ्या प्रोसेसला) सीपीयू मिळत नाहीये, किंवा कोणीतरी लूपमध्ये दर ओळीला कमिट करतंय. ३१ मार्चच्या रात्री चालणाऱ्या क्लोजिंगच्या प्रोसिजर याच रोगाच्या असतात.

'लॉग फाइल स्विच (चेकपॉइंट इनकम्प्लीट)' दिसला तर रीडो फायलींचा आकार बघा. ११जीच्या डीबीसीएने (डेटाबेस बनवून देणाऱ्या साधनाने) बनवलेल्या ५० एमबीच्या तीन फायली अपग्रेड होत होत १९सीपर्यंत तशाच येतात. दिवसाच्या गर्दीत तासाला तीन-चार स्विच पडतील एवढा आकार ठेवा.

दुसरं साधन स्टॅट्सपॅक. ८आय पासून आहे, १९सीबरोबरही येतं, आणि ओरॅकलने त्याच्याकडे पाठ फिरवलीय हे वापरताना जाणवतं. बसवणं सोपं : ओरॅकल होमच्या आरडीबीएमएसमधल्या ॲडमिन फोल्डरातली एसपीक्रिएट स्क्रिप्ट सिसडीबीए म्हणून चालवा, ती पर्फस्टॅटचा (स्टॅट्सपॅकच्या यूजरचा) पासवर्ड आणि टेबलस्पेस विचारते. टेबलस्पेस वेगळी द्या. मल्टिटेनंट असेल तर ज्या पीडीबीत (आतल्या डेटाबेसात) ईआरपी आहे तिथे बसवा. एसपीऑटो आकड्यांचा स्नॅपशॉट घेणारा दर तासाचा जॉब लावते. लेव्हल मुळात ५ असते. ती ७ केली की कोणत्या टेबलावर आणि इंडेक्सवर किती वेट झाले तेही जमा होतं, म्हणून ७ घ्या. जुने स्नॅपशॉट काढणाऱ्या एसपीपर्जची आठवण ठेवा, नाहीतर टेबलस्पेस भरते.

बसवल्यावर एक काम ज्याने त्याने करायला हवं आणि कोणी करत नाही. कोणते इव्हेंट आयडल मानायचे याची यादी स्टॅट्स$आयडल_इव्हेंट या टेबलात असते आणि ती डेटाबेसच्या मागे पडलेली आहे. परिणामी वरच्या पाच इव्हेंटांत पार्श्वभूमीच्या प्रोसेसचे निव्वळ झोपलेले वेट येऊन बसतात आणि खरे खाली जातात. व्ही$इव्हेंट_नेममध्ये ज्यांचा वेट_क्लास आयडल आहे पण या टेबलात नाहीत, ते सगळे इन्सर्ट करून टाका. एका ओळीचं काम. एवढं केलं की रिपोर्ट वाचण्याजोगा होतो.

रिपोर्ट शक्यतो अर्ध्या तासाच्या अंतराचा काढा; त्यासाठी एसपीऑटोचा जॉबही अर्ध्या तासाचा करा. मध्ये डेटाबेस बंद-चालू झाला असेल तर तो रिपोर्ट निघतच नाही, आकडे शून्यावरून सुरू झालेले असतात. स्टॅट्सपॅकची खरी कमजोरी वेगळी आहे. बारा सेशन्स तीन मिनिटं रो लॉकवर थांबली तर रिपोर्टमध्ये २,१६० सेकंद दिसतील. आकडा दिसला, पण कोणी अडवलं, किती वाजता, कोणत्या ओळीसाठी, यातलं काहीही नाही. डिस्क मंद झाली, क्वेरी बिघडली, कमिट वाढले, अशा तासभर चालणाऱ्या दुखण्याला स्टॅट्सपॅक उत्तम. गेटवरच्या तीन मिनिटांना निरुपयोगी.

म्हणून स्टँडर्ड एडिशनवर तिसरी वस्तू घरीच बनवायची. व्ही$सेशन वाचायला लायसन्स लागत नाही, तेव्हा दर पाच सेकंदांनी त्याची प्रत आपल्या टेबलात टाकणारी प्रोसिजर लिहा. १८सी पासून डीबीएमएस_सेशन.स्लीप आहे, त्यावर लूप चालतो. एका वेळी सरासरी दहा ॲक्टिव्ह सेशन्स धरली तरी दिवसाला १,७२,८०० ओळी, फार नाहीत. दोन ठिकाणी चुकतं. पहिलं, फक्त ॲक्टिव्ह सेशन्स घेतली तर ब्लॉकर इनॲक्टिव्ह म्हणून नोंदीत येत नाही. ज्यांचा एसआयडी कोणाच्या ब्लॉकिंग_सेशन किंवा फायनल_ब्लॉकिंग_सेशनमध्ये आहे तीही सेशन्स घ्याच. दुसरं, जुना डेटा काढायला पार्टिशन हवंसं वाटतं आणि ते स्टँडर्ड एडिशनवर नाही. वारांची सात टेबलं करा, रात्री बाराला, सुरू होणाऱ्या वाराचं (मागच्या आठवड्याचा डेटा असलेलं) टेबल ट्रंकेट करा आणि सातांवर युनियन ऑलचा एक व्ह्यू ठेवा. रोज डिलीट चालवलंत तर अनडू आणि रीडो दोन्ही फुगतात.

घटना चालू असतानाच पाहायचं असेल तर स्नॅपर ही खुली स्क्रिप्ट ठेवा. डेटाबेसमध्ये काही बनवत नाही, बसवत नाही, काही सेकंदांचे नमुने घेऊन कोणतं सेशन कशावर वेळ घालवतंय ते छापते.

आता विकतचा पॅक. ज्यांच्याकडे एंटरप्राइझ आहे त्यांनी घ्यावा का? सर्व्हरवर पाच-सहा ॲप एकत्र नांदत असतील आणि 'काल साडेतीनला काय झालं' असा प्रश्न आठवड्याला येत असेल, तर घ्या. ॲशचं, म्हणजे ॲक्टिव्ह सेशन हिस्टरीचं, काम देखणं आहे. दर सेकंदाला ॲक्टिव्ह सेशन्सचा नमुना मेमरीत, त्यातला दहातला एक डिस्कवर. एडब्ल्यूआरचा (पॅकमधल्या जुन्या आकड्यांच्या कोठाराचा) स्नॅपशॉट दर तासाला, मुळात आठ दिवस ठेवलेला. आठ दिवस महिनाअखेरची तुलना करायला अपुरे पडतात, ३५ करा. वाचताना एकच शिस्त पाळायची : ओळी मोजा. मेमरीतली एक ओळ म्हणजे सुमारे एक सेकंद, डिस्कवरची सुमारे दहा. टाइम_वेटेडची बेरीज किंवा सरासरी कधी काढू नका. लांब वेट नमुन्यात सापडण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे ती सरासरी नेहमी फुगलेली येते. तयार रिपोर्ट विकणारी टूलंही ही चूक करतात. आणि ब्लॉकर आयडल असेल तर ॲशमध्येही त्याची स्वतःची ओळ नसते, फक्त थांबलेल्यांच्या ओळीत त्याचा एसआयडी. वर सांगितलेली घरगुती नोंद या एका बाबतीत विकतच्या मालाला मागे टाकते.

पोस्टग्रेस्क्यूएलकडे वळणाऱ्यांसाठी दोन शब्द. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत वेट_इव्हेंट_टाइप आणि वेट_इव्हेंट हे कॉलम ९.६ पासून, म्हणजे २०१६ पासून आले. पीजी_ब्लॉकिंग_पिड्सही तेव्हाचंच, आणि ते फार कामाचं. वेट_इव्हेंट रिकामा आणि स्टेट ॲक्टिव्ह असेल तर बहुधा सीपीयू. जमा झालेले आकडे आणि जुनी नोंद मात्र मुळात नाही. पीजी_वेट_सॅम्पलिंग घालावं लागतं, आणि ते शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजमध्ये लिहायचं म्हणजे एकदा रीस्टार्ट. चहाला गेलेल्या फॉर्मचा इलाज तिथे ओरॅकलच्या आयडल_टाइमपेक्षा चांगला आहे : आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट फक्त उघडं ट्रान्झॅक्शन धरून बसलेल्यालाच काढतो.

ओरॅकलची तिन्ही साधनं हात टेकतात अशी एक जागा आहे. आर्काइव्हची (जुन्या रीडो लॉगच्या प्रतींची) जागा भरली की सगळी सेशन्स 'लॉग फाइल स्विच (आर्काइव्हिंग नीडेड)'वर उभी राहतात, नव्या लॉगिनला ओआरए-००२५७ येतो, आणि घरगुती नोंदीचा लूपही स्वतःच्या इन्सर्टवर तिथेच अडकतो. सिसडीबीएने आत जाता येतं. रिकव्हरी एरियाचा आकार तात्पुरता वाढवा, मग आरमॅनने (ओरॅकलच्या बॅकअप साधनाने) आर्काइव्हचा बॅकअप घेऊन डिलीट करा. ओएसवरून आरएम मारून फायली उडवू नका : डिस्क मोकळी दिसते, पण कंट्रोल फाइलच्या हिशोबात जागा भरलेलीच राहते, आणि क्रॉसचेक करून एक्स्पायर्ड नोंदी काढेपर्यंत गेट उघडत नाही. सिसडीबीएलाही आत घेत नसेल तर एसक्यूएल प्लस -प्रिलिमने जोडा, ओराडीबगने आधीच चालू असलेल्या एखाद्या सेशनच्या प्रोसेसला चिकटा आणि मग हँगॲनालाइझ ३ चालवा; नुसत्या प्रिलिम जोडणीतून ते १९सीवर चालत नाही. साखळी ट्रेस फाइलमध्ये लिहून मिळते.